तिघांच्या कागदावर एकच नाव, दुखणी मात्र तीन

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय 47. गेल्या सहा वर्षांत तीनदा मुतखडा झाला. दोन आपोआप पडले, एक दुर्बिणीने काढावा लागला. शेवटचा पडलेला खडा मी मुलीच्या कानातल्याच्या डबीत ठेवलाय. गावात सगळे बोअरच्या पाण्याला दोष देतात. आम्ही फिल्टर बसवला, टोमॅटो-पालक बंद केला, तरी खडा झालाच. मागच्या पावसाळ्यात शाळेच्या पायरीवर घसरले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून रोज कॅल्शियमची गोळी घेते. अंग सतत मोडून आल्यासारखं असतं, पोट साफ होत नाही, रात्री तीन-चारदा लघवीला उठते. वर्गात मुलांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत, त्याचं फार वाईट वाटतं.

यंदा फिजिशियननी रक्त तपासलं. कॅल्शियम 11.6, महिन्याने दुसऱ्या लॅबमध्ये 11.4. पीटीएच 162, डी जीवनसत्त्व 16, फॉस्फरस 2.3, क्रिएटिनिन 0.9. 'पॅराथायरॉइड वाढलंय, सर्जनना दाखवा' असं ते म्हणाले. मानेची सोनोग्राफी केली, तर त्यात काहीच दिसलं नाही. माझ्या जाऊबाईंचे भाऊ मिरजेला डायलिसिसवर आहेत. त्यांचंही पॅराथायरॉइड वाढलंय, पीटीएच 480, पण त्यांना गोळ्यांवर ठेवलंय. शेजारच्या काकूंचं पीटीएच 98 होतं, ते डीच्या पुड्यांनी उतरलं. मग मलाच ऑपरेशन का? माझीही किडनी जाणार का? कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे झालं का? आईलाही मुतखडे व्हायचे, मग उद्या माझ्या मुलीलाही होईल का? जाऊबाई म्हणतात हा थायरॉइडचाच प्रकार, कोबी सोड. तोही सोडला. काय करू?

उत्तर:

ताई,

आधी कोबी परत सुरू करा आणि पाणी वाढवा. बाकीचं सावकाश सांगते.

थायरॉइड आणि पॅराथायरॉइड यांचं नातं फक्त शेजाराचं आहे. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी थायरॉइड असते. तिच्या पाठीला चिकटून साधारण चार बारीक ग्रंथी असतात, एकेक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन जेमतेम 30 ते 50 मिलिग्रॅम. मराठी पुस्तकांत त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. त्या इतक्या लहान, की माणसाच्या शरीरात त्या आहेत हे नीट लिहून ठेवलं गेलं तेच मुळी 1880 मध्ये, स्वीडनमधल्या इव्हार सँडस्ट्रॉम नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याकडून. आयोडीनशी, मिठाशी, कोबीशी त्यांना काही घेणंदेणं नाही. त्या एकाच गोष्टीवर डोळा ठेवून असतात, रक्तातल्या कॅल्शियमवर.

रक्तात कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 च्या दरम्यान राहावं लागतं. त्यावर हृदयाचे ठोके चालतात, स्नायू आवळतात, मज्जातंतूंचे निरोप जातात. ते जरा खाली आलं की या ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांतलं कॅल्शियम सुटं करतं. मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम धरून ठेव, फॉस्फरस जाऊ दे. आणि मूत्रपिंडाकडूनच डी जीवनसत्त्व कामाचं करून घेतं, म्हणजे आतडी जेवणातलं कॅल्शियम जास्त शोषतात. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात. रक्तात पीटीएच टिकतं काही मिनिटंच, त्यामुळे हा कमी-जास्तीचा हिशेब दिवसभर चाललेला असतो.

आता शेतातली मोटार आणि वरची टाकी डोळ्यांपुढे आणा. ग्रंथी म्हणजे मोटार, रक्तातलं कॅल्शियम म्हणजे टाकीतलं पाणी. मोटार सारखी चालू आहे एवढं कुणी सांगितलं, तर शहाणा वायरमन आधी टाकीत डोकावतो. टाकी रिकामी असेल तर मोटारीचा दोष नाही, ती बिचारी आपलं काम करतेय. टाकी भरून वाहतेय आणि तरीही मोटार थांबत नाही, तर बिघाड मोटारीच्या स्टार्टरमध्ये. तुमच्या तिघांच्या कागदावर मोटार चालू असल्याचं लिहिलंय. टाकीत किती पाणी आहे ते मात्र तिघांचं वेगवेगळं आहे. म्हणून पीटीएचचा आकडा कधीही एकटा वाचू नये. त्याच दिवशी, त्याच रक्तातलं कॅल्शियम शेजारी ठेवूनच तो वाचायचा.

तुमचं कॅल्शियम 11.6. म्हणजे टाकी ओसंडतेय. अशा वेळी निरोगी ग्रंथीचं पीटीएच तळाला गेलेलं असायला हवं, आणि तुमचं 162 आहे, जिथे बहुतेक लॅबची वरची मर्यादा 65 च्या आसपास असते. फॉस्फरस 2.3 म्हणजे कमी, तेही याच्याशी जुळतं. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. दोष ग्रंथीतच सुरू झालाय. अशा शंभर रुग्णांत साधारण 85 जणांत चारपैकी एकाच ग्रंथीत गाठ झालेली असते. ही गाठ कर्करोगाची नसते, तिला अ‍ॅडिनोमा म्हणतात. दहा-पंधरा जणांत एकापेक्षा जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात. कर्करोग शंभरात एकापेक्षाही कमी. तेव्हा 'गाठ' हा शब्द ऐकून रात्रीची झोप घालवू नका.

एरवी याचं उलटंही दिसतं, ते दोन ओळींत सांगते. कॅल्शियम वाढलेलं आणि पीटीएच मात्र दबलेलं, असं असेल तर ग्रंथी निर्दोष असतात आणि शोध दुसरीकडे घ्यायचा असतो: काही कर्करोग, क्षयासारखे काही आजार, किंवा डीच्या इंजेक्शनांचा अतिरेक. गुडघे दुखले की सहा लाख युनिटचं इंजेक्शन, परत दुखले की परत, असं करून कॅल्शियम चढलेली माणसं मी पाहिली आहेत. तुमचं तसं नाही.

मग काकूंना ऑपरेशन न करता कसं बरं वाटलं? त्यांचं कॅल्शियम तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुड्यांनी पीटीएच उतरलं यावरून ओळखता येतं. त्यांच्यात डी कमी होतं, त्यामुळे आतडी कॅल्शियम घेत नव्हती. ते खाली जाऊ नये म्हणून ग्रंथी जास्त राबत होत्या. हा सेकंडरी प्रकार. डी भरून निघालं, ग्रंथी शांत झाल्या. आपल्या भागात हे घरोघरी आहे. लोक मला विचारतात, एवढं रणरणतं ऊन आणि डी कमी कसं? बागेत काम करणाऱ्या बायकांकडे पाहा ना. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्या-तोंडाला स्कार्फ, उघडे फक्त डोळे आणि बोटं. उन्हात दिवसभर असतात, पण ऊन कातडीला लागत नाही. त्यात आपली सावळी त्वचा, तिला डी तयार करायला जास्त वेळ लागतो. याशिवाय गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडी बिघडतात तो सीलिॲक आजार असलेले, पोटाची मोठी ऑपरेशनं झालेले, फिटची काही औषधं वर्षानुवर्षं घेणारे आणि आहारात कॅल्शियमच नसलेले, यांच्यातही हाच प्रकार होतो.

जाऊबाईंच्या भावांचंही सेकंडरीच, पण वाट वेगळी. मूत्रपिंड निकामी झालं की फॉस्फरस बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं. डी जीवनसत्त्व कामाचं करून देणारा कारखानाही मूत्रपिंडातच, तो बंद पडतो. कॅल्शियम घसरायला लागतं आणि चारही ग्रंथी वर्षानुवर्षं राबून फुगतात. त्यांचा 480 हा आकडा तुमच्या तिप्पट आहे म्हणून घाबरू नका. डायलिसिसवरच्या माणसाचं पीटीएच तुमच्या-माझ्या रेषेत आणायचंच नसतं. वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट इतकं चालवून घेतात आणि ते चढतंय की स्थिर आहे हे बघतात. त्यांच्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर असतील तर त्या फॉस्फरस आतड्यातच अडवणाऱ्या असतील. त्या जेवणानंतर तासाभराने घेतल्या तर उपयोग नाही, एवढं त्यांना जरूर सांगा.

त्यांच्या बाबतीत एक धोका पुढचा आहे, तोच तिसरा प्रकार, टर्शरी. मोटार वर्षानुवर्षं चालून चालून कॉन्टॅक्टर चिकटतो, मग टाकी भरली तरी बंद होत नाही, तसं. आधी गरजेपोटी राबणाऱ्या ग्रंथी शेवटी कुणाचं ऐकेनाशा होतात आणि कॅल्शियमही वर जातं. मूत्रपिंड बदललं तरी काहींच्यात हे तसंच राहतं. तिथे सिनाकॅल्सेट नावाचं औषध वापरतात, नाहीतर साडेतीन ग्रंथी काढतात. कधी चारही काढून एक तुकडा हाताच्या कोपराखालच्या स्नायूत रुजवतात.

म्हणजे किडनी बिघडल्यामुळे त्यांचं पॅराथायरॉइड वाढलं. तुमच्यात पॅराथायरॉइडमुळे किडनीला त्रास होतोय. क्रिएटिनिन 0.9 आहे, म्हणजे मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत. ती तशीच राहावीत म्हणून तर सर्जनकडे जायचं. खडे होत राहिले आणि कॅल्शियम चढंच राहिलं, तर वर्षांनी काम मंदावू शकतं. डायलिसिसवर तुमची गाडी चाललेली नाही.

कारण आधी की परिणाम आधी, हा घोळ तुमचा एकटीचा नाही. 1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल या सर्जनकडे ट्रामवर काम करणारा आल्बर्ट नावाचा माणूस होता. हाडं ठिसूळ होऊन मांडी मोडलेली, चालणं बंद. त्या काळी बऱ्याच डॉक्टरांची समजूत अशी, की हाडं आधी बिघडतात आणि त्यांच्या मदतीला ग्रंथी वाढतात. म्हणून मांडलनी मेलेल्या माणसाच्या ग्रंथी काढून त्याच्या शरीरात बसवल्या. काही फरक पडला नाही. मग त्यांनी धीर करून मान उघडली, वाढलेली एक ग्रंथी काढली, आणि तो माणूस हळूहळू उभा राहिला. काही वर्षांनी त्रास उलटला, पण दोष ग्रंथीत असू शकतो हे तेव्हा सिद्ध झालं. मला यातलं विशेष हे वाटतं, की त्या जुन्या समजुतीतही खरं होतं. काकूंच्या ग्रंथी मदतीलाच धावल्या होत्या. फक्त आल्बर्टची गोष्ट काकूंची नव्हती, तुमच्यासारखी होती.

आता सोनोग्राफी. त्यात काही दिसलं नाही म्हणून आजार नाही, असं समजू नका. या आजाराचं निदान रक्ताच्या कागदावर होतं. सोनोग्राफी, सेस्टामिबी स्कॅन, खास प्रकारचा सीटी हे सगळं फक्त गाठ कुठे आहे ते सर्जनला दाखवण्यासाठी. ग्रंथी लहान असेल, थायरॉइडच्या मागे दडली असेल, किंवा गळा सोडून छातीच्या हाडामागे उतरलेली असेल, तर मानेच्या सोनोग्राफीत ती दिसणारच नाही. सेस्टामिबीला न्यूक्लिअर मेडिसिनची सोय लागते. ती कुठे आहे ते सर्जनच सांगतील. तिथून आलेला रिपोर्ट कोरा असला तरी अनुभवी सर्जन ऑपरेशन करू शकतात.

'हे मला का झालं' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना मिळत नाही, तुम्हालाही कदाचित मिळणार नाही. ग्रंथीतल्या एखाद्या पेशीत बिघाड होतो आणि तिची वाढ होते. बायकांत, विशेषतः पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर, पुरुषांपेक्षा दोन-तीनपट जास्त. लहानपणी मानेला रेडिएशन दिलं असेल तर शक्यता वाढते. मानसिक आजारासाठी लिथियम वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ग्रंथी वाढतात. तुमच्या कॅल्शियमच्या गोळीने ही गाठ झालेली नाही. पहिला खडा सहा वर्षांपूर्वीचा, गोळी मागच्या पावसाळ्यापासूनची, हे तुमच्याच पत्रात आहे. बोअरचं पाणी, टोमॅटो, पालक यांनीही ही गाठ झाली नाही. उगाच मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही बीपीची गोळी घेता का, ते पत्रात नाही. घेत असाल तर पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीएच' असेल, तर तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे. ही औषधं लघवीतलं कॅल्शियम अडवतात आणि रक्तातलं थोडं चढवतात. आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर बदलून देतील आणि काही आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा बघतील. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल, तर रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने पीटीएचचा आकडा चुकू शकतो.

आईंच्या खड्यांबद्दल. शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांत हा आजार घराण्यातून येत नाही. पण एमईएन नावाचे काही आनुवंशिक प्रकार आहेत. त्यांत पॅराथायरॉइडबरोबर मेंदूखालच्या किंवा स्वादुपिंडातल्या ग्रंथींतही गाठी होतात. तुमची भावंडं आणि मुलगी यांचं एकदा साधं कॅल्शियम तपासा, स्वस्त तपासणी आहे. कुणाचं वाढलेलं निघालं तरच पुढे जनुकांची तपासणी. दुसरं, काही घराण्यांत कॅल्शियम जन्मापासूनच किंचित वर असतं आणि लघवीतून फारच कमी जातं. ते निरुपद्रवी असतं आणि त्याला ऑपरेशन करून काही उपयोग होत नाही. तुमचे खडे पाहता तसं असण्याची शक्यता कमी. तरी ते वगळायला 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजतात. ही तपासणी कंटाळवाणी आहे, कॅन घेऊन दिवसभर घरी थांबावं लागतं, म्हणून बरेच जण टाळतात. सुट्टीच्या दिवशी करा, पण करा. चुकीच्या माणसाची मान उघडली जाऊ नये म्हणून ती आहे.

एक गोष्ट मी सहसा लिहीत नाही, आज लिहिते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला माझ्याकडे जत तालुक्यातली एक ऊसतोडणी करणारी बाई आली होती. वय पस्तीसच्या आत. मांडीचं हाड मोडलेलं, अंग काडीसारखं. मी कागदावर लिहिलं, कुपोषण, डी कमी, आणि कॅल्शियम-डी सुरू केलं. कॅल्शियम तपासलं नाही. गरीब, राबणारी, अर्धपोटी बाई, हाडं ठिसूळ असणारच, असं मी धरून चालले. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा दुसरी मांडी मोडलेली होती, जबड्यावर सुपारीएवढी गाठ, दात हलत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियम तपासलं, 12.8. गळ्यातली एक ग्रंथी काढली आणि काही महिन्यांत हाडं भरू लागली, जबड्यावरची गाठसुद्धा आपोआप बसली. ती बरी झाली, पण मधली दोन वर्षं तिची खाटेवर गेली. त्या जुन्या केसपेपरवर अक्षर माझं आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण वयात आणि हाडं, खडे असा पुढे गेल्यावर सापडतो. डीची कमतरता सोबत असल्याने हाडं आणखी ढासळतात. म्हणून वारंवार खडा, किरकोळ घसरण्याने मोडलेलं हाड, स्वादुपिंडाला कारण न सापडता आलेली सूज, यातलं काहीही असलं तर कॅल्शियम तपासल्याशिवाय माझं मन आता मानत नाही.

तुम्हाला ऑपरेशन का, हे आता लक्षात आलं असेल. त्रास काहीच नसलेल्या माणसातही वय 50 च्या आत, कॅल्शियम मर्यादेपेक्षा एकाहून जास्त वर, हाडं फार विरळ, मूत्रपिंडाचं काम घटलेलं किंवा खडे, यातलं एक कारण असलं तरी ऑपरेशन सुचवतात. तुमच्यात वय आहे, खडे आहेत, मोडलेलं मनगट आहे. गोळीने ही गाठ विरघळत नाही. सिनाकॅल्सेट कॅल्शियम खाली आणतं, पण हाडांना त्याचा तितका आधार मिळत नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी ते ठेवायचं.

आता करायचं काय. रोजची कॅल्शियमची गोळी थांबवण्याबद्दल फिजिशियनशी बोला, पण दूध-दही, नाचणीची भाकरी सोडू नका. कॅल्शियम वाढलंय म्हणून जेवणातलं तोडलं तर ग्रंथी आणखी चेकाळते आणि हाडं ओरबाडते. डी 16 आहे, तेही भरायला हवं, पण काकूंच्या पुड्या उसन्या घेऊन नव्हे. तुमच्यासारख्या रुग्णात ते बेताने, मधून मधून कॅल्शियम बघत देतात. हाडांची डेक्सा तपासणी करताना कंबर आणि खुब्याबरोबर हाताच्या कोपराखालच्या हाडाचीही करायला सांगा, न मोडलेल्या हाताची. या आजारात तेच हाड आधी पोखरतं आणि नेमकी तीच मोजणी राहून जाते.

पाण्याचं मी पहिल्याच ओळीत लिहिलं, त्याला कारण आहे. शाळेतल्या बाथरूमची अवस्था बघून आपल्या कितीतरी शिक्षिका सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत. तुम्हीही त्यातल्या असाल तर मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोला. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी व्हावी एवढं पाणी तुम्हाला लागतं, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात ठरेना, गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर घरी थांबू नका. त्या अवस्थेत कॅल्शियम झपाट्याने चढतं, सलाईनची गरज लागते. हे घरातल्या माणसांना आजच सांगून ठेवा.

सर्जन निवडताना नाव मोठं किती, यापेक्षा एकच विचारा, 'पॅराथायरॉइडची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का?' मिरज हे शंभर-सव्वाशे वर्षांचं दवाखान्यांचं गाव आहे, तिथून चौकशी सुरू करा. नेहमी करणाऱ्या हातात पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त रुग्ण कायमचे बरे होतात. चीर लहान असते. काही ठिकाणी गाठ काढल्यावर दहाएक मिनिटांनी टेबलावरच पीटीएच तपासतात. ते निम्म्याहून खाली आलं की खात्री पटते. तुमचा घसा हे तुमचं रोजचं साधन आहे, म्हणून आवाजाच्या नसेबद्दल आधीच विचारा. ती या ग्रंथींच्या अगदी जवळून जाते. अनुभवी सर्जनकडे तिला कायमची इजा क्वचित होते, पण तुम्ही शिकवता हे त्यांना माहीत हवं. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. उपाशी हाडं एकदम कॅल्शियम ओढून घेतात, तेव्हा गोळ्या द्याव्या लागतात. त्या वेळी त्या घ्यायच्या, आताच्या सल्ल्याशी घोळ करू नका.

थकवा आणि विसरणं याबद्दल मी खोटी आशा दाखवणार नाही. पुष्कळांना ऑपरेशननंतर हलकं वाटतं, काहींना तितका फरक पडत नाही. खडे आणि हाडं यांचा फायदा मात्र पक्का आहे. बिलं आणि डिस्चार्ज कार्ड वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी एकाच फाइलमध्ये ठेवा. त्याच फाइलमध्ये दोन्ही लॅबचे कॅल्शियमचे कागद तारखेने लावा आणि सर्जनकडे जाताना मुलीच्या डबीतला तो खडाही बरोबर न्या. तो कशाचा आहे हे लॅबमध्ये तपासता येतं.